एल्बेकाठचे कडे आणि घळी: सॅक्सन स्वित्झर्लंड पायी कसं पाहावं

ड्रेस्डेनहून सकाळची एस-वन लोकल पकडलीत की डावीकडची खिडकी धरा. पिर्ना मागे पडलं की एल्बे नदी रुळांच्या अगदी शेजारी येते आणि पलीकडच्या काठावर पिवळसर करड्या दगडाच्या उभ्या भिंती सुरू होतात. त्यातल्या काही निसर्गाच्या नाहीत, जुन्या खाणींच्या आहेत. ड्रेस्डेनचं फ्राउएनकिर्शं हे चर्च याच भागातल्या वालुकाश्माचं आहे. दगड इथे काढायचा आणि नदीतून खाली न्यायचा. खऱ्या कड्यांना वेलेननंतर सुरुवात होते.

या प्रदेशाला जर्मन लोक ‘झेक्सिशं श्वाइत्स’ म्हणतात, म्हणजे सॅक्सन स्वित्झर्लंड. ड्रेस्डेनच्या कला अकादमीत 1766 साली आलेले दोन स्विस चित्रकार, आद्रियान त्सिंग आणि आंतोन ग्राफ, यांना इथे आपल्या देशाची आठवण झाली आणि नाव पडलं. आल्प्सची उंची इथे नाही. जर्मन हद्दीतला सर्वांत उंच डोंगर, ग्रोसर त्शिर्नश्टाइन, 562 मीटरचा आहे. पण सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला इथे लगेच घरी आल्यासारखं वाटतं. सुळके, कडे, घळी, खिंडी, माथ्यावरची सपाटी, सगळं ओळखीचं. फक्त दगड वेगळा आहे, आणि तो वेगळा असल्यामुळे इथे चालायची रीतही वेगळी आहे.

मी बरीच वर्षं ड्रेस्डेनमध्ये राहतो. पुण्या-नाशकाहून येणारे नातेवाईक, नव्याने शिकायला आलेली मुलं, सगळ्यांना एकच गोष्ट सांगतो: कडा वरून पाहायला जाऊ नका, खालून घळीतून चढत कड्यावर पोचा. बसने थेट वर जाऊन कठड्यापाशी फोटो काढता येतो, पण त्या नदीने आणि पावसाने काय केलंय ते कळत नाही. पुढचे सगळे टप्पे त्या हिशोबाने लिहिले आहेत.

आधी दगड समजून घ्या

सुमारे 10 कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी वाळू थरावर थर साचली, दाबली गेली, तिचा दगड झाला. पुढे जमीन उचलली गेली, दगडाला उभ्या-आडव्या भेगा पडल्या आणि त्या भेगांत पाणी शिरलं. भेग रुंदावली की घळ होते. दोन्ही बाजूंच्या भेगा रुंदावल्या की मधे सुळका उरतो. आणि चारी बाजूंनी झीज होऊन मधला सपाट तुकडा शिल्लक राहिला की लिलिएनश्टाइन किंवा क्योनिगश्टाइनसारखा टेबलाच्या आकाराचा डोंगर तयार होतो.

चालताना एखाद्या भिंतीपाशी थांबा आणि जवळून पाहा. दगडावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं दिसतील, मधे पापुद्र्याएवढ्या पातळ भिंती. दगडात झिरपलेलं पाणी पृष्ठभागावर सुकतं, त्यातल्या क्षारांचे स्फटिक होतात आणि ते वाळूचे कण उचकटून काढतात. खालच्या पायरीवर पिठासारख्या बारीक वाळूची रास पडलेली असते. भिंतीवरून नुसतं बोट फिरवलं तरी कण हाताला लागतात. एकदाच, आणि हलक्या हाताने, एवढं करून बघा. मग या दगडावर नावं का कोरायची नाहीत हे मुलांना वेगळं सांगावं लागत नाही.

आपला बेसॉल्ट पावसात निसरडा होतो, पण त्याची ताकद जात नाही. हा वालुकाश्म ओला झाला की खरोखर कमजोर होतो. म्हणून इथल्या प्रस्तरारोहणाच्या नियमांत ओल्या दगडावर चढायला बंदी आहे. खडूची पूड आणि धातूचे अडकवायचे तुकडेही चालत नाहीत. दोर फक्त सुरक्षेसाठी, चढायचं आपल्या हातापायांनी, ही पद्धत जगात ज्या थोड्या ठिकाणी आधी रुजली त्यातलं हे एक. इथे हजाराहून जास्त सुटे सुळके आहेत. तुम्ही चढणार नसलात तरी पाऊस पडून गेल्यावर एक दिवस थांबणं तुमच्याही फायद्याचं आहे.

कधी जावं, काय न्यावं

एप्रिलचा शेवट ते जूनची सुरुवात, आणि मग सप्टेंबर-ऑक्टोबर. शरद ऋतूत पहाटे एल्बेवर धुकं साठतं आणि डोंगरांचे माथे तेवढे वर राहतात. त्यासाठी सूर्योदयाच्या सुमारास माथ्यावर हवं. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी आणि वणव्याचा धोका दोन्ही. 2022 च्या जुलैत सीमेच्या दोन्ही बाजूंना मोठी आग लागली, चेक बाजूला हजार हेक्टरहून जास्त जंगल होरपळलं. त्यामुळे सिगारेट, शेगडी, शेकोटी यातलं काहीही नाही. चहा थर्मासमध्ये न्या.

बूट चांगल्या पकडीचे, घोट्यापर्यंत असले तर उत्तम. माणशी दीड लिटर पाणी. वाटेत पिण्याजोगं पाणी मिळेल असं धरून चालू नका. शाकाहारी असाल तर डबा बरोबर ठेवा, कारण डोंगरावरच्या खानावळीत बटाट्याच्या सूपमध्येही बऱ्याचदा सॉसेज असतं. नदी ओलांडायच्या तरीसाठी, म्हणजे नावेसाठी, थोडी सुटी नाणी हवीत. घळीत नेटवर्क जातं, म्हणून नकाशा आधी उतरवून घ्या. गोचिड असतात, गवतातून चालायचं तर पूर्ण पँट घाला आणि संध्याकाळी पाय तपासा.

आणि टॉर्च. एका नोव्हेंबरमध्ये मी श्रामश्टाइनच्या कड्यावर साडेतीनपर्यंत रेंगाळलो. ऊन छान होतं. सव्वाचारला सूर्य गेला, आणि झाडीत उतरलो तेव्हा शिडीची पुढची पायरी पायानेच चाचपडावी लागली. लोखंड इतकं गार की बोटं वळेनात. फोनची बॅटरी फोटो काढून संपत आलेली. माझ्याबरोबर माझा पंधरा वर्षांचा भाचा होता. त्या अर्ध्या तासात मला जी भीती वाटली ती मी विसरलेलो नाही. तेव्हापासून कपाळाला बांधायचा टॉर्च उन्हाळ्यातही पिशवीत असतो, आणि हिवाळ्यात दुपारी दोन वाजता जिथे असेन तिथून उतरायला लागतो.

एक गोष्ट आधीच डोक्यात बसवा: नदी ओलांडायची आहे

रेल्वे एल्बेच्या डाव्या काठाने जाते आणि बहुतेक नामांकित कडे उजव्या काठावर आहेत. कुरोर्ट राटन, बाड शांडाऊ, श्मिल्का, तिन्ही ठिकाणी स्टेशन एका तीरावर आणि गाव दुसऱ्या तीरावर. म्हणजे सकाळी एकदा तरीने पलीकडे, संध्याकाळी तरीनेच परत. संध्याकाळची शेवटची फेरी किती वाजता आहे, ते सकाळी धक्क्यावरच्या पाटीवर वाचून फोटो काढून ठेवा. लोकलला साधारण दर अर्ध्या तासाने गाडी असते. डॉइचलांडटिकिट, म्हणजे जर्मनीभर लोकल प्रवासाला चालणारं मासिक तिकीट, असेल तर ते चालतं.

राटनची तर मुद्दाम पाहा. तिला इंजिन नाही. नदीत वरच्या अंगाला नांगरलेल्या लांब तारेला ती बांधलेली आहे. नावाडी तिचं तोंड थोडं तिरकं करतो आणि नदीचा प्रवाहच तिला पलीकडे ढकलतो. परत येताना तोंड दुसरीकडे. आवाज फक्त पाण्याचा.

पहिला दिवस: राटन, आमझेलग्रुंड, श्वेडनलोखर, बास्टाय

बास्टाय या नदीवरच्या प्रसिद्ध कड्यावर दहाच्या सुमारास टूरच्या बसेस यायला लागतात. तुम्ही साडेसातला राटनला उतरलात तर दोन तास मोकळे मिळतात.

तरीतून उतरलात की गावातून सरळ वर दोन वाटा आहेत. डावीकडे थेट बास्टायच्या पायऱ्या. पाऊणेक तासात वर. ती आता सोडा, उतरायला ठेवा. उजवीकडची वाट आमझेलग्रुंड नावाच्या दरीत शिरते. थोड्याच वेळात आमझेलझे हे लहानसं अडवलेलं तळं लागतं, कड्यांची सावली पडून हिरवं झालेलं. तळं संपलं की डावीकडे श्वेडनलोखरची पाटी. पाच-दहा मिनिटं पुढे गेलात तर आमझेलफाल हा छोटा धबधबा आहे. उन्हाळ्यात पाणी बेताचंच असतं, पाहून मागे फिरा.

श्वेडनलोखर म्हणजे ‘स्वीडिश लोकांची भोकं’. तीस वर्षांच्या युद्धात, 1639 साली, स्वीडिश फौजांनी जवळचं राटेवाल्डं गाव जाळलं तेव्हा गावकरी या घळीत लपले होते. आत शिरल्यावर ते कसे लपले असतील ते पटतं. दोन्ही भिंती इतक्या जवळ येतात की काही ठिकाणी एकाच माणसाला जागा आहे. वर अडकलेल्या धोंड्यांखालून वाकून जावं लागतं. पायऱ्या सातशेच्या आसपास, कुठे दगडी, कुठे लाकडी, कुठे लोखंडी.

इथे घाई करू नका. मे महिन्यातही आत शिरताच थंडी लागते. गार हवा जड, ती घळीत साठून राहते आणि ऊन तळापर्यंत पोचत नाही. त्यामुळे झाडांची नेहमीची उतरंड इथे उलटी झाली आहे: थंडी मानवणारे स्प्रूस, नेचे आणि शेवाळ खाली, आणि कोरडा उन्हाळा सोसणारे पाइन वर उघड्या खडकावर. चढताना दर पन्नास पायऱ्यांनी झाडं आणि वास बदलतो. ओल्या मातीचा वास सुटतो आणि तापलेल्या राळेचा सुरू होतो. हे बसने वर जाणाऱ्याला मिळत नाही.

चढाच ही घळ, उतरू नका. ओल्या पायऱ्यांवर उतरताना गुडघे आणि तोल दोन्हीची परीक्षा होते, आणि समोरून चढणाऱ्यांची अडवणूक होते ती वेगळीच. हिवाळ्यात इथे बर्फ साचून काच होते. तेव्हा हा टप्पा वगळा.

घळ संपली की जंगलातून सपाट वाट बास्टायला नेते. कडा एल्बेपासून 194 मीटर उंच आहे. जुनं टोक दगड झिजल्यामुळे 2016 मध्ये बंद करावं लागलं. 2023 पासून तिथे कड्याच्या दगडावर भार न टाकणारा अधांतरी सज्जा आहे. खाली नदीचं मोठं वळण, समोर सपाट माथ्याचा लिलिएनश्टाइन, त्याच्या उजवीकडे क्योनिगश्टाइनचा किल्ला. डाव्या काठावरून जाणारी लोकल खेळण्यातल्यासारखी दिसते, पण तिचा आवाज स्पष्ट वर येतो.

पुलावर जाण्याआधी फेर्डिनांडश्टाइन या बाजूच्या टोकावर जा, कारण पुलावर उभं राहून पूल दिसत नाही. तिथून सात कमानी, त्यांच्या खालची खोल घळ आणि मागचे सुळके एकत्र दिसतात. 1826 मध्ये इथे लाकडी पूल होता. आजचा साडेशहात्तर मीटरचा दगडी पूल 1851 चा. पूल ओलांडला की नॉयराटन या मध्ययुगीन गढीचे अवशेष आहेत. खडकात खोदलेल्या खोबणी पाहा: त्यांत लाकडी तुळया बसवलेल्या असायच्या. तिथून पायऱ्यांनी राटनला खाली. सगळं मिळून साडेतीन ते चार तास, थांबत-थांबत.

दुसरा दिवस: श्रामश्टाइनं

मला विचाराल तर एकच दिवस असेल तर बास्टाय सोडा आणि इथे या. मात्र उंचीची भीती असेल किंवा लहान मूल कडेवर असेल तर येऊ नका.

बाड शांडाऊला उतरून तरीने गावात जा. काठाने थोडं चालल्यावर 1904-05 च्या सुमारास बांधलेली लोखंडी लिफ्ट आहे, सुमारे 50 मीटर उंच. ती ओस्ट्राऊच्या पठारावर सोडते. तिथून श्रामटोर या खिंडीपर्यंत तासाभराची सोपी चाल. श्रामटोरमध्ये दोन भिंती अचानक दोन्ही अंगांनी उठतात. इथून उभी चढण सुरू होते आणि शेवटच्या टप्प्यात लोखंडी शिड्या आणि कठडे येतात. काही शिड्या फक्त चढण्यासाठी, काही फक्त उतरण्यासाठी आहेत. पाटी पाळा, कारण मधे दोघांना जागा नसते. शिडीवर दोन्ही हात मोकळे हवेत. कॅमेरा पिशवीत, पाण्याची बाटलीही पिशवीत.

वर 417 मीटरवर श्रामश्टाइन-आउसझिश्ट. समोर दातेरी सुळक्यांची रांग, त्यात एकटा उभा फाल्केनश्टाइन. 1864 मध्ये बाड शांडाऊच्या व्यायामशाळेतल्या मंडळींनी तो सर केला, आणि इथल्या गिर्यारोहणाची सुरुवात तिथून मोजतात. शनिवारी त्याच्या भिंतीवर रंगीत ठिपके हलताना दिसतील, ते चढणारे लोक. आग्नेयेकडे चेक देशातला डोंगर, रुझोव्स्की व्र्ख, शंकूसारखा उठलेला.

पुढे धारेवरून जाणारी वाट, ग्राटवेग, हा माझ्या मते या खोऱ्यातला सर्वांत सुंदर तासभर. कधी खडकावरून, कधी भेगेतून, कधी दोन पायऱ्यांच्या शिडीवरून. मग श्मिल्काची पाटी धरून उतरा. श्मिल्का हे सीमेवरचं शेवटचं गाव; 1665 पासूनची गिरणी आहे, तिच्या भट्टीतला पाव घ्या. भारतातून आलेल्यांनी लक्षात ठेवा, इथे फोन चेक नेटवर्क पकडतो. रोमिंगचा पॅक फक्त जर्मनीचा असेल तर डेटा बंद करून ठेवा. पासपोर्ट जवळ असू द्या. तरीने नदी ओलांडली की श्मिल्का-हिर्शम्यूलं स्टेशन. पूर्ण दिवसाचे पाच-सहा तास धरा.

तिसरा दिवस असेल तर

होन्श्टाइनजवळ होकश्टाइनचा कडा आहे. पोलेन्त्स नदीच्या दरीवर झुकलेला, समोर होन्श्टाइनचा किल्ला. बास्टायच्या मानाने इथे शुकशुकाट. कड्यावरून वोल्फश्लुख्ट नावाच्या अरुंद भेगेतून पायऱ्यांनी थेट दरीच्या तळाशी उतरता येतं. घळ उतरायला मी एरवी नको म्हणतो, ही छोटी आहे आणि कोरड्या दिवशी चालते. मार्चमध्ये पोलेन्त्सच्या काठच्या कुरणात रानटी मेर्त्सेनबेखरची पांढरी फुलं हजारोंनी येतात.

मुलं बरोबर असतील तर किर्निच खोऱ्यातली 1898 पासूनची ट्राम घ्या. बाड शांडाऊहून सुमारे आठ किलोमीटर, लिश्टेनहाइनच्या धबधब्यापर्यंत. तिथून चढून कुश्टाल ही प्रचंड दगडी कमान. कुश्टाल म्हणजे गोठा. तीस वर्षांच्या युद्धात लोकांनी गुरं इथे लपवली असं सांगतात. कमानीच्या मागे एका चिंचोळ्या भेगेत ‘हिमेल्सलाइटर’, स्वर्गाची शिडी, आहे. मोठी पिशवी पाठीवर ठेवून त्यातून जाता येत नाही, पुढे धरा.

आई-बाबांना घेऊन

गुडघे दुखत असतील म्हणून त्यांना ड्रेस्डेनलाच ठेवू नका. बास्टायला बस आणि गाडी वरपर्यंत जाते, सज्जापर्यंत चाल थोडीच आहे. क्योनिगश्टाइनच्या किल्ल्यावर लिफ्ट आहे; साडेनऊ हेक्टरचा माथा, तटावरून फिरत चारी बाजूंचं खोरं दिसतं, आणि आत 152.5 मीटर खोल विहीर आहे. किल्ले पाहिलेल्या मराठी माणसाला ती विहीर पाहून खोदणाऱ्यांच्या कष्टांची लगेच कल्पना येते. जाता-येता वाफेवर चालणारी जुनी चाकांची बोट घेतलीत तर सगळे कडे खालून, खुर्चीत बसून पाहता येतात. पावसाच्या दिवसासाठीही हाच बेत.

राष्ट्रीय उद्यानात वागायचं कसं

1990 पासून यातला मोठा भाग राष्ट्रीय उद्यान आहे. गाभ्याच्या भागात फक्त खुणा केलेल्या वाटेनेच चालायचं. पांढऱ्या पट्ट्यावर मधे रंगीत रेघ म्हणजे चालायची वाट. ‘एम’ अक्षर म्हणजे चित्रकारांची वाट, मालरवेग, सुमारे 116 किलोमीटरची, आठ टप्प्यांची. काळा त्रिकोण दिसला तर ती आरोहकांची वाट आहे, ती कड्याच्या पायथ्याशी जाऊन संपते. तिकडे वळू नका. वसंतात काही कडे बंद ठेवतात, कारण तिथे बहिरी ससाणा किंवा मोठं घुबड घरटं करतं. ड्रोनला मनाई आहे.

2018 नंतर खोडकिड्याने इथले स्प्रूस मोठ्या प्रमाणात मारले. डोंगरउतारांवर उभे करडे सांगाडे दिसतील. लाकूड कुजतं तशी ही झाडं वारा नसतानाही पडतात, आणि म्हणून वाटा अधूनमधून बंद होतात. निघायच्या आदल्या दिवशी उद्यानाच्या संकेतस्थळावर बंद वाटांची यादी पाहा. जोराचा वारा असेल त्या दिवशी जंगलात जाऊच नका, आणि डबा खायला मेलेल्या झाडाखाली बसू नका.

काही अपघात झालाच तर 112. ते विचारतील कुठे आहात, म्हणून शेवटच्या पाटीवरचं नाव आणि ती ओलांडून किती वेळ झाला, एवढं दोघांना तरी माहीत असू द्या. माझा भाचा आता दर फाट्यावर थांबून पाटी मोठ्याने वाचतो. मग आम्ही पुढे निघतो.